पहिल्या तीन साड्या घेताना

नोकरी लागल्या लागल्या दहा साड्या घेऊ नकोस. तीनच घे, पण वर्षभर नेसता येतील अशा.

पहिली मंगलगिरी सुती. मार्च ते मे, मुंबईच्या घामात हिच्यासारखी सोबत नाही. अंगभर साधी, काठाला जर, आणि घाम टिपून घेते. खळ मात्र हलकीच घाल. कडक खळीने निऱ्या फुगतात आणि कंबर उगाच रुंद दिसते. तू उंचीला कमी आहेस, तेव्हा काठ दोन बोटांचाच बघ. रुंद काठ उंची कापतो, हे माझं ठाम मत आहे.

पावसाळ्याला गडद जॉर्जेट. शिंतोडे दिसत नाहीत, वाळतेही पटकन.

तिसरी महेश्वरी. ताणा म्हणजे उभे धागे रेशमाचे, बाणा म्हणजे आडवे धागे सुताचे, त्यामुळे वजनाला हलकी आणि चमक बेताची. दिवाळीलाही चालते, मीटिंगलाही.

रंग दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नकोस गं. पदर खांद्यावर टाकून दाराशी उजेडात ये. चेहरा उजळला तर घे, आधी साडीच डोळ्यांत भरली तर ठेवून दे.

प्रत्येकीवर वेगळा ब्लाउज नको. एक काळा सुती आणि एक मोरपंखी खणाचा शिव, बऱ्याच साड्यांवर जातात. आणि फॉल लावण्याआधी तो भिजवून वाळवून घे. माझ्या पहिल्या सुती साडीचा फॉल पहिल्याच धुण्यात आटला, खालचा घोळ चुण्या पडून वर ओढला गेला, आणि सगळा उसवून पुन्हा लावावा लागला.