पिएरिसला अडलेला टप्पा आणि कोत्तूरचा विजय

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 1946 च्या जिरो दितालिया या इटलीभर टप्प्याटप्प्याने होणाऱ्या सायकल शर्यतीत ट्रिएस्टेच्या टप्प्यावर फक्त 17 जण पोहोचले, तर बाकीचे बाद कसे झाले नाहीत? आणि एवढ्याशा 17 जणांत पहिल्या आलेल्या जोर्दानो कोत्तूरचा विजय खरा धरायचा का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. अशा शर्यतीत प्रत्येक टप्प्याच्या वेळेची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याच्या अंगावर गुलाबी जर्सी. रस्ताच बंद पडला तर पंच तो टप्पा वेळेच्या हिशोबातून काढतात. 30 जूनचा रोविगो ते ट्रिएस्टे हा टप्पा पिएरिस गावाजवळ अडला आणि सगळ्यांना एकच वेळ लावली गेली. मग पुढे कोण गेलं आणि कोण नाही, याचा बेरजेशी संबंध उरला नाही. मी काही वर्षं रस्त्यावरच्या शर्यतींना पंच म्हणून उभा राहिलो आहे. एकदा घाटात दरड आली तेव्हा आम्हीही हेच केलं. त्या क्षणी सगळ्यांना सारखा न्याय देणारी दुसरी वाट नसते.

दुसऱ्या प्रश्नाला थोडं मागे जावं लागेल, कारण तो पायातल्या ताकदीपुरता नाही.

1940 ची जिरो 9 जूनला संपली. वीस वर्षांचा फाउस्तो कोप्पी जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी इटली युद्धात उतरली. कोप्पी पुढे उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या कैदेत गेला. 1941 ते 1945 जिरो झालीच नाही. 15 जून 1946 ला मिलानहून ती पुन्हा निघाली, तेव्हा इटलीतल्या लोकांनी मतदानाने राजा घालवून प्रजासत्ताक स्वीकारल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. रस्ते तेच होते, ज्यांच्यावरून सैन्यं गेली होती. वाटेत रोमान्या लागतो. तिथल्या सेनिओ नदीवर जेमतेम चौदा महिन्यांपूर्वी, 9 एप्रिल 1945 ला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पार नेलं, परत येऊन एकट्याने मशिनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यशवंत घाडगे त्याआधी, जुलै 1944 मध्ये, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्या शर्यतीचा नकाशा मी उघडतो तेव्हा ही दोन नावं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता ट्रिएस्टे. शहर तेव्हा ब्रिटिश-अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या ताब्यात होतं आणि इटली व युगोस्लाव्हिया दोघेही त्यावर हक्क सांगत होते. संयोजकांना शर्यत तिथे न्यायचीच होती. ट्रिएस्टे आमचंच, हे सांगण्याचा तो एक मार्ग होता. पण आसपासच्या गावांत स्लोव्हेनियन माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, आणि इटालियन राजवटीत त्यांचं बरंच काही हिरावलं गेलं होतं. ट्रिएस्टेतली त्यांची मोठी वास्तू, नारोद्नी दोम, 13 जुलै 1920 ला फॅसिस्टांनी जाळली. नंतर त्यांच्या भाषेतल्या शाळा बंद झाल्या, आडनावं इटालियन करून घेतली गेली. पिएरिसला रस्ता अडवणारे युगोस्लाव्हियाच्या बाजूचे होते आणि त्यांच्यामागे हा इतिहास होता, तो वगळून त्यांना नुसते गुंड म्हणणं मला पटत नाही. दगड मात्र सायकलवाल्यांच्या अंगावर पडले, आणि त्यांचा यात काहीच दोष नव्हता.

त्या दिवशी रस्त्यावर अडथळे टाकलेले होते. घोळका थांबला, दगड आले, मग गोळ्यांचे आवाज. खेळाडू रस्त्याकडेच्या चरात आडवे झाले. बहुतेकांनी पुढे जायला नकार दिला. मला तो नकार भ्याडपणाचा वाटत नाही. यांतल्या कितीतरी जणांनी युद्ध जवळून पाहिलं होतं आणि सायकल चालवून घर चालवायचं होतं. पण 17 जण म्हणाले, आम्ही जाणार. कोत्तूर त्यांत होता. तो मूळचा ट्रिएस्टेचाच, आणि ज्या विलिएर संघाकडून खेळत होता त्याने याच शहरासाठी आपल्या नावात ‘त्रिएस्तीना’ जोडलं होतं. त्यांना लष्करी ट्रकमधून शहराजवळ नेऊन उतरवलं. तिथून ते सायकलवर निघाले आणि मोंतेबेल्लोच्या घोडदौडीच्या मैदानात कोत्तूर पहिला आला. लोकांनी त्यांना फुलांनी झाकून टाकलं.

तर माझं मत असं. निकालपत्रात त्याचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण त्याची तुलना त्याच शर्यतीतल्या त्याच्या पहिल्या विजयाशी करू नका. मिलान-तोरीनो हा सलामीचा टप्पा त्याने सगळ्यांना पुरतं हरवून जिंकला होता, कोणी ट्रकमध्ये बसलं नव्हतं. ट्रिएस्टेला तो जिंकला यापेक्षा तो तिथे पोहोचला हे मला मोठं वाटतं, आणि ते उरलेल्या सोळा जणांनाही तितकंच लागू आहे. त्यांची नावं क्वचितच कोणी घेतं.

जिनो बार्ताली आणि कोप्पी या दोघांत वरचढ कोण, या वादात पिएरिसच्या टप्प्याचा आधार घेतला जातो, तो मात्र चुकीचा आहे. कोप्पीने पुढे डोलोमाइट्सच्या डोंगरांत जोर लावला, तरी 7 जुलैला मिलानमध्ये शर्यत संपली तेव्हा एकूण वेळेत बार्ताली 47 सेकंदांनी पुढे राहिला. तिसरा वितो ओर्तेल्ली. ते 47 सेकंद इतर टप्प्यांवरचे आहेत, पिएरिसचा त्यांत एकही नाही.

ट्रिएस्टे शहर इटलीकडे परत गेलं ते 1954 मध्ये. कोत्तूर तोवर 1948 आणि 1949 अशा दोन जिरोंत तिसरा आला होता. 1940 लाही तो तिसराच होता.