पोराच्या मागे वही घेऊन धावू नका

टेक्ससहून एका ताईंचं पत्र आलंय. मे महिन्याच्या शेवटी शाळा सुटली की नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्या आर्वीजवळच्या खेड्यात, माहेरी येतात. सोबत गणिताची वर्कबुकं, मराठी अक्षरं गिरवायची वही आणि रोज दोन तासांचं वेळापत्रक. यंदा मुलानं वही उघडलीच नाही. दिवसभर आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या मागं, गुरांच्या कोठ्यात नाहीतर वावरात. ‘सगळी सुट्टी वाया गेली. पुढच्या वर्षी त्याला अभ्यासाला कसं बसवू?’ असं त्या विचारतात.

ताई, सुट्टी वाया गेली नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. जाता जाता तुम्ही लिहिलंय की पेरणीआधी आबाजींनी घरच्या सोयाबीनची उगवण तपासली. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. पाणी शिंपडायचं काम मुलानं आपणहून घेतलं. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडली. काही दाण्यांना चांगले मोड आलेले, काही कुजलेले, काही नुसतेच फुगलेले. ‘हे फुगलेले धरायचे का?’ त्यानं विचारलं. आबाजी म्हणाले, ‘तुले काय वाट्टे?’ पोरानं एकेक दाणा उचलून पाहिला आणि ठरवलं की धरायचे नाहीत. साठ भरले.

शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं, हा आपल्याकडचा रूढ हिशेब. साठच उगवले तर पस्तीस किलो लागतं. हे गणित तुमच्या मुलानं आबाजींसोबत ओसरीवर बसून सोडवलं, कारण त्याच्या उत्तरावर खरी पेरणी व्हायची होती. पुढं पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो हे कानावर पडल्यावर त्यानंच सरळ काठाचा डबा अंगणात ठेवला आणि रोज पट्टी घालून पाणी मोजलं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आबाजींनी शिकवायचा आव आणला नाही. काम खरं होतं, त्यात पोराला वाटा दिला आणि प्रश्न आला तेव्हा उत्तर देण्याची घाई केली नाही. ही शेवटची गोष्ट आपल्याला, म्हणजे शिकल्या-सवरल्या आईबापांना, सगळ्यात जड जाते. पोरगं पाऊस मोजताना दिसलं की आपण लगेच टक्केवारीचा धडा काढतो आणि डबा तिथंच सुटतो.

‘एक पान वाचलंस तर अर्धा तास टॅब’ असा सौदाही तुम्ही केलात. तो थांबवा, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. 1973 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं गेलं. पुढं मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली.

कामातून शिकणं आपल्या भागाला नवं नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मातृभाषेतून आणि हातच्या कामातून शिक्षण हाच विचार मांडला. त्यातूनच नई तालीम ही शिक्षणपद्धत उभी राहिली. सेवाग्राम तुमच्या माहेरापासून लांब नाही, मुलाला घेऊन एकदा जाऊन या.

मोकळीक द्यायची म्हणजे नजर काढायची असं मात्र नाही. विहिरीवर एकटं जायचं नाही, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात हात घालायचा नाही, आभाळ कडाडू लागलं की वावरातून घरी. औषध लावलेलं बियाणं आणि फवारणीचे डबे यांच्या जवळपासही मूल नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली आहेत. यात मुलाचं मत विचारायचं नाही.

तिकडं गेल्यावर वावर नसेल, पण घरातलं खरं काम असतंच. आठवड्याचा किराणा त्याच्या यादीनं आणा, एका जेवणाचा पूर्ण भार त्याच्यावर टाका. मीठ जास्त पडलं तर पडू द्या. शनिवारची एक दुपार कुठल्याही क्लासविना रिकामी ठेवा. ‘बोअर होतंय’ म्हणाला तर लगेच काही सुचवू नका. आबाजींना व्हिडिओ कॉल त्यालाच लावू द्या आणि तुम्ही खोलीबाहेर राहा. सोयाबीनला शेंगा धरल्या का, कापूस फुटला का, हे विचारायला त्याला मराठी लागणारच आहे आणि वऱ्हाडी आली तर दुरुस्त करू नका.

शाळा सोडवावी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. अमेरिकेत घरी शिकवणं कायदेशीर आहे, जर्मनीसारख्या देशात शाळा सक्तीची आहे. तुमच्या पत्रावरून तरी मुलाला शाळेचा त्रास दिसत नाही, तेव्हा राहू द्या. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्यावर बाईंनी एखादी नेमकी गोष्ट कच्ची आहे म्हटलं, तर तेवढीच घ्या, रोज वीस मिनिटं, आणि ती का घेतोय हे त्याला सरळ सांगा. कोणत्या वेळी बसायचं ते त्याला ठरवू द्या.