कच्छच्या मातीवर ईथर

प्रश्न : माझी मुलगी इथे एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. कच्छची बेंटोनाइट माती आम्लात उकळून तिच्यावर अल्कोहोलचं ईथर करायचं, असा विषय आहे. आमच्या वेळी हे सल्फ्युरिक आम्लाने सरळ व्हायचं. मग मातीची खटपट कशाला?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सल्फ्युरिकने आजही होतं. १४० अंशांच्या आसपास इथेनॉलच्या दोन रेणूंमधून पाणी निघून डायइथिल ईथर मिळतं; १७० च्या घरात गेलात की ईथरऐवजी इथिलीन हे अल्कीन. पण मागे उरतं काळवंडलेलं, पातळ झालेलं आम्ल, आणि ते निस्तरताना काय हाल होतात हे मी कारखान्यात उमेदीची वर्षं पाहिलंय. माती आम्लाचंच काम करते, पण नळीत जागच्या जागी राहते, अल्कोहोलची वाफ तिच्यावरून जाते. मला तर हा विषय फार आवडला.

या मातीतलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि तो सांभाळायला मधे सोडियम, कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे आयन बसवले, की ते भोवतालच्या पाण्याला इतकं ओढतात की पाणी प्रोटॉन सोडतं. आम्लपणा येतो तो इथून. आम्लात उकळलं की पापुद्र्यांतलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह थोडंथोडं निघून जातं, छिद्रं वाढतात, पृष्ठभागही वाढतो. पण अती उकळलं तर नुसती सिलिका हाती राहते आणि आम्लपणा मावळतो. म्हणून लेकीला सांगा, ठरावीक वेळाने नमुने काढ आणि प्रत्येकाचा आम्लपणा मोज. माती फार तापवली तरी थरांमधलं पाणी उडून जोर कमी होतो. जास्त तापमान हवंच असेल तर थरांमध्ये अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) खांब उभे केलेली माती घ्यावी.

सुरुवात ब्युटेनॉलसारख्या प्राथमिक, म्हणजे टोकाच्या कार्बनवर OH गट असलेल्या, अल्कोहोलने करावी. आयसोप्रोपेनॉलचा कल ईथरऐवजी प्रोपीन या अल्कीनकडे असतो. किती अल्कोहोल संपलं या आकड्यावर मुलं खूश होतात. मी विचारेन, त्यातलं ईथर किती आणि अल्कीन किती?

एक मात्र कळकळीने सांगतो. डायइथिल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं आणि लांबूनही पेट घेतं. ठेवलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइडं ही स्फोटक संयुगं साठतात. बाटली गडद रंगाची हवी, तीवर उघडल्याची तारीख हवी, आणि पेरॉक्साइडची चाचणी केल्याशिवाय ऊर्ध्वपातन अजिबात नको.