शेवटच्या तासाची आखणी

आपण पहिल्यांदाच प्रशिक्षणाचा गट चालवत आहात, म्हणून आवर्जून सुचवतो की समारोपाची तारीख निदान दोन-तीन बैठका आधी सांगावी, कारण ज्यांना निरोप जड जातो ते पुष्कळदा शेवटच्या दिवशी फिरकतच नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले आणि १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासह त्यांत विसर्जनाचा पाचवा टप्पा जोडला. नवखा संचालक नेमका तोच विसरतो, असे माझे मत आहे.

शेवटच्या तासाला नवा विषय मुळीच काढू नये. पहिल्या दिवशी सदस्यांनी लिहून दिलेल्या अपेक्षांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील, तर त्या ज्याच्या त्याला परत द्याव्यात आणि काही मिनिटे कोणीही बोलू नये. कारण ‘काय शिकलात?’ या प्रश्नाला गुळमुळीत उत्तरे देणारा माणूसही स्वतःच्या अक्षरातली ती ओळ वाचल्यावर मोकळेपणाने बोलू लागतो. बोलण्याची सक्ती मात्र नसावी. आभारप्रदर्शन आटोपशीर असावे (ते लांबले की माना घड्याळाकडे वळतात). प्रमाणपत्रे आणि अभिप्रायाचे फॉर्म आदल्या बैठकीतच उरकावेत, म्हणजे अखेरची दहा मिनिटे सह्या गोळा करण्यात जाणार नाहीत.