खोकं वाजलं तर परत उघड

अगं, काल फोनवर तू इतकी रडकुंडीला आली होतीस की सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. पुण्याहून बेंगळुरूला घर हलवायचं, तीन पॅकर्सवाल्यांचे तीन भाव, आणि आजीच्या कपबशा न्यायच्या की इथेच कोणाला देऊन टाकायच्या. न्यायच्या. हे परत विचारू नकोस.

एकच गोष्ट सांगते, बाकीचं तुला मोबाईलवर सापडेल. खोकं बंद केलं की दोन्ही हातांनी उचलून कानाशी हलवायचं. आतून नुसतं खुट्ट झालं तरी परत उघडायचं. काच काही फक्त पडूनच फुटते असं नाही, ट्रकमध्ये तासन्‌तास एकमेकीवर आपटूनही फुटते, आणि आपटायला जागा लागते. ती जागाच ठेवायची नाही. देवगडच्या आंब्याची पेटी आठव, पेंढा कसा कोपऱ्याकोपऱ्यात ठासलेला असतो. तसंच.

1994 साली नाशिकहून कोल्हापूरला बदली झाली तेव्हा आईची लोणच्याची बरणी माझ्याकडे होती, वर तपकिरी, खाली पांढरट, चिनीमातीची. मी ती गोधडीत छान गुंडाळली आणि त्याच खोक्यात उरलेल्या जागेत पितळी खलबत्ता ठेवला. वर चार बोटं मोकळी राहिली. खोकं उचललं तेव्हा आत काहीतरी हललं, मला स्पष्ट ऐकू आलं. खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता, मी म्हटलं जाऊ दे. कोल्हापुरात गोधडी उलगडली तर काठाचा एक तुकडा हातात आला, त्यावर दादऱ्याच्या, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायच्या फडक्याच्या, दोरीचा वर्षानुवर्षांचा डाग तसाच होता. आई काही बोलली नाही. तिने तुकडे सुपात गोळा केले, बस.

त्यानंतर पाच घरं बदलली आणि एक बशीसुद्धा फुटली नाही. घरचे म्हणायचे किती वेळ लावतेस, दोन तासांच्या कामाला दोन दिवस. लावले. तूही लाव.

कपबशांना लहान खोकं घे, मोठं घेतलंस की भरत बसशील आणि उचलणारा वैतागून आपटेल. तळाला आणि वर चुरगाळलेल्या कागदाची जाड गादी. बशा, ताटल्या आडव्या रचू नकोस, उभ्या लाव, आडव्या रचल्या की सगळ्यांचा भार खालचीवर येतो. कपाच्या आतही कागद भर, कानाभोवती वेगळी घडी. रद्दी चालेल पण शाई लागते, म्हणून आधी कोऱ्या कागदात. जुन्या सुती साड्या असतील तर उत्तमच. जड वस्तू काचेबरोबर नाही म्हणजे नाही. मायक्रोवेव्हमधलं फिरतं ताट आणि फ्रीजच्या काचा बाहेर काढ, हे सगळे विसरतात. फ्रीज उभाच न्यायला सांग आणि पोचल्यावर लगेच चालू करू नकोस, काही तास जाऊ दे.

सगळ्यात स्वस्तवाला बहुतेक पार्ट लोड म्हणत असेल, नीट विचार. म्हणजे तुझं सामान वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकतं. जितक्या वेळा चढ-उतार तितके धक्के.

आणि तो जे म्हणाला ना, तुम्ही बांधलेल्या खोक्यांची जबाबदारी आमची नाही, ते बऱ्याच ठिकाणी अटीत असतंच. म्हणून टीव्ही, आरसा त्यांना बांधू दे, आधी फोटो काढ, इन्शुरन्सचा कागद सही करण्याआधी वाच. पण कपबशा तूच बांध. पैसे मिळाले तरी आजीचा कप कुठून आणणारेस? मी हट्टी आहे म्हण हवं तर, मला चालेल. ते खोकं ट्रकमध्ये द्यायचंच नाही, गाडीत पायाशी ठेवून न्यायचं. तरीही हलवून बघायचं. वाजलं की उघड, दहा वेळा वाजलं तर दहा वेळा, खाली कोणी कितीही हॉर्न वाजवू दे.

रविवारी सकाळी येते मी, टेप आणि साड्या घेऊन. तोवर कपबशा कपाटातून काढू नकोस.