जळगावात राहून रोज एक फोटो, असं वर्षभर टिकेल का? रोज नवं काय सापडणार?

टिकेल. पण आधी हद्द आखून घ्या: तुमची पेठ, भाजीबाजार आणि जाण्यायेण्याचा रस्ता, एवढंच. पूर्ण जिल्हा धरलात तर रोजचं न राहता ते रविवारचं होतं.

नव्याची चिंता सोडा, वर्षच विषय पुरवतं. श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. थंडीत शेताशेतात भरीत पार्ट्या, काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी; तो धूर सकाळच्या तिरप्या उन्हात फार देखणा येतो. मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्या दिवशी हद्द खुशाल मोडा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके आणि गौराईची गाणी. केळीचे घड वाहणारे गडी तर जवळपास बारमाही दिसतात.

मला मात्र सगळ्यात मोलाचे वाटतात ते सणावाराबाहेरचे फोटो. दुकानाची हाताने रंगवलेली पाटी, मातीच्या धाब्याचं घर. पाच वर्षांनी ती जागेवर नसतील.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांजवळ जातो, म्हणून आठच्या आत फोटो उरका. माणसांना विचारूनच टिपा.

त्याच रात्री फाइलला तारीख, ठिकाण आणि एक ओळ जोडा, जमलं तर इथल्या अहिराणी बोलीत. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली वेळेची नोंदही जाते.