चूक दिसते, तरी वर्ग गप्प का?

प्रश्न : मी आठवीला शिकवते. एका मुलीला बोलण्याच्या ढबीवरून चिडवतात, गटात घेत नाहीत. निबंध, भित्तिपत्रकं, प्रतिज्ञा, सगळं झालं. मुलं समतेवर छान लिहितात आणि ऐन वेळी गप्प बसतात. काय करू?

उत्तर : चूक त्यांना कळते. एकटं पडण्याची भीती त्यांना गप्प बसवते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1951 च्या प्रयोगात नुसती रेषांची लांबी ओळखायची होती. बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले, तेव्हा अनेक जण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्यांच्यामागे गेले. पण आणखी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, की हे प्रमाण झपाट्याने खाली येई. त्यामुळे एका धीट मुलावर भिस्त ठेवू नका. दुसरा आवाज तयार करा.

चाळीस मिनिटांचा तास घ्या, चौघांचे गट करा. एक चिडवणारा, एक सोसणारा, एक बोलणारा, एक साथ देणारा. वाक्य लहान हवं : "असं बोलू नकोस. ती आमच्या गटात आहे." त्यावर साथ देणाऱ्याने लगेच म्हणायचं, "मलाही हे पटलं नाही." क्षणभर उशीर झाला की हशा पिकतो आणि बोलणारा उघडा पडतो. सगळं उभं राहून, मोठ्याने, भूमिका बदलत. पहिल्या फेरीत मुलं हसतील, हसू द्या. शेवटची दहा मिनिटं एवढंच विचारा, की साथ मिळाल्यावर काय वेगळं वाटलं.

प्रसंग काल्पनिक घ्या, तुमच्या वर्गातला नको. त्या मुलीला सोसणाऱ्याची भूमिका देऊ नका आणि "तुझा अनुभव सांग" असं तर मुळीच म्हणू नका. चांगल्या हेतूने घेतलेले तास इथेच बिघडतात : सगळ्या माना तिच्याकडे वळतात आणि पुढच्या सुट्टीत तिला त्याचीच किंमत मोजावी लागते. तिच्याशी एकटीशी बोला, तिला काय हवंय ते विचारा. मारामारीची शक्यता असेल तिथे मुलांनी मध्ये पडायचं नाही, मोठ्यांना बोलवायचं. सांगायला आलेल्या मुलाची दखल त्याच दिवशी घ्या, नाहीतर तो पुन्हा येणार नाही.

प्रश्न : आम्ही वर्गात सगळं मतदानाने ठरवतो. मुलांनी बहुमताने एकाला संघातून काढलं, कारण कुणालाच तो आवडत नाही. निर्णय मान्य करावा का?

उत्तर : नाही. रद्द करा आणि कारण सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 12 मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं, आणि त्याच करारातलं कलम 2 भेदभावाला मनाई करतं. कुणाला सामावून घ्यायचं हा प्रश्न मताला टाकायचाच नसतो. मतदानाआधी फळ्यावर दोन रकाने करा : 'आपण ठरवू' आणि 'मताला नाही'. पहिल्या रकान्यात खरे निर्णय ठेवा, जसं की बसण्याची फिरती व्यवस्था किंवा कामांच्या पाळ्या. तुम्ही नंतर फिरवणार असाल, तर आधीच विचारू नका. मतं चिठ्ठीवर घ्या, कारण हात वर करताना मुलं आधी शेजाऱ्याचा हात बघतात. ज्यांचं मत हरलं त्यांना दोन मिनिटं बोलू द्या आणि महिन्याभराने तो निर्णय पुन्हा चर्चेला घ्या.